तिथी पाऊणपट, पाणी चौपट

आजोबांचं भरतीचं गणित एका ओळीत संपायचं. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. आम्हा नातवंडांकडून ते पाऊणकी पाठ करून घ्यायचे त्यामागचं खरं कारण हेच असावं, कारण वाण्याकडे पाऊणकी कुणाला लागते? गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावाहून खाडीपलीकडच्या वाडीत जायचं असलं की ते भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचे, बोटांवर काहीतरी मोजायचे आणि म्हणायचे, "साडेचारला निघू, पाणी घोट्याएवढं असेल." असायचंही.

हे गणित कधी वेल्समध्ये लावून बघेन असं त्यांच्या काय, माझ्याही स्वप्नात नव्हतं.

कार्डिफला येऊन मला नववं वर्ष. मी इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथला माझा एक सहकारी गेली पंचवीसेक वर्षं शनिवार-रविवारी जमिनीखाली असतो. पांढरी दाढी छातीवर रुळते, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव बुवा. त्याला अर्थ सांगितला तर तो खूश झाला. आता फोनवर स्वतःच "बुवा बोलतोय" एवढं मराठीत म्हणतो आणि पुढचं इंग्रजीत. दर उन्हाळ्यात तो आम्हाला गुहांत न्यायचं म्हणायचा आणि दर उन्हाळ्यात आम्ही काहीतरी निमित्त काढायचो. गेल्या सप्टेंबरात निमित्तं संपली.

जायचं ठरलं गॉवरला. स्वान्सीच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेलं हे एक छोटं द्वीपकल्प. ब्रिटननं १९५६ साली निसर्गसौंदर्यासाठी राखीव प्रदेश ठरवायला सुरुवात केली, त्यातला पहिला मान याचा. पण बुवाला सौंदर्याशी देणंघेणं नव्हतं. गॉवरचा दक्षिण किनारा चुनखडीच्या कड्यांचा आहे आणि त्या कड्यांना जागोजाग भोकं आहेत, हे त्याचं कारण.

आपल्याकडे गुहा म्हटलं की डोळ्यासमोर लेणी येतात, म्हणजे माणसानं छिन्नी घेऊन खोदलेली. काळ्या बेसॉल्टला पाणी फोडतं, झिजवतं, पण विरघळवत नाही, म्हणून निसर्गानं केलेल्या लांबलचक गुहा आपल्याकडे विरळाच. आपल्या वाट्याला येते ती घळ. चुनखडीचं तसं नाही. पाऊस हवेतून आणि मातीतून येताना किंचित आंबट होतो आणि लाखो वर्षं भेगेभेगेतून झिरपत दगड खाऊन टाकतो. 'विरघळ' या शब्दातच घळ आहे, हे मला तिथल्या एका भगदाडासमोर उभं राहिल्यावर सुचलं आणि नवऱ्याला सांगितलं. तो साताऱ्याचा आहे. म्हणाला, "हो का."

चौघं होतो. बुवा, मी, नवरा आणि नागपूरची आमची डॉक्टरीण मैत्रीण. चार हा आकडा बुवानंच ठरवलेला. एकाला लागलं तर एकानं त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी मदत आणायला जायचं. तिघं असले तर मदत आणायला जाणारा एकटा पडतो. प्रत्येकाकडे तीन दिवे: एक हेल्मेटवर, दोन खिशात. गमबूट, गुडघ्यांना पट्टे, अंगभर जाड सूट. तो सूट चढवल्यावर आम्ही तिघंही नालेसफाईच्या गाडीतून उतरल्यासारखे दिसत होतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र सामानात नव्हती. कुठल्या गुहेत जातोय आणि कधी बाहेर येऊ हे बुवानं बायकोला लिहून दिलं होतं. संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर तिनं ९९९ लावायचा. जमिनीखाली अडकले असतील तर पोलीस मागायचे आणि त्यांच्यामार्फत गुहाबचाववाले. समुद्राकाठी असतील तर तटरक्षक. "आणि साडेपाचला आठवण आली म्हणून ती लावत नाही," बुवा म्हणाला, "सहा म्हणजे सहा."

आईला फोनवर बेत सांगितला. "पितृपक्षात कसल्या घळीत शिरताय गो?" हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, घळ नाही, गुहा. तिला तो फरक मान्य नव्हता. हेदवीच्या बामणघळीत आम्हाला लहानपणी कधी वाकू दिलं नाही, ते तिच्या डोक्यात. तिथे कातळात एक अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी आत कोंडतं आणि दणका देऊन माडाएवढं उंच उडतं. पण तिच्या बोलण्यातून मला तिथी मिळाली. शनिवारी भाद्रपद वद्य प्रतिपदा, रविवारी द्वितीया.

मग मी टेबलाशी बसून बोटं मोजली. रविवारी दोन पाऊणे दीड, म्हणजे आजोबांच्या हिशेबानं दीडला भरती पूर्ण. ब्रिटनमधली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात, ते धरलं तर अडीच. बुवानं आणलेल्या स्वान्सीच्या तक्त्यात बघितलं. दोन पन्नास. पण भरती नाही, ओहोटी! म्हणजे वीस मिनिटांच्या फरकानं गणित बरोबर, फक्त पालथं. आमच्या गावात ज्या तिथीला ज्या घटकेला भरती पूर्ण होते, साधारण त्याच घटकेला गॉवरचा समुद्र तळाला गेलेला असतो. शनिवारचंही तसंच जुळलं. मी टेबलावर हात आपटून सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "तुझे आजोबा भारी होते गं."

बुवा दाढी कुरवाळत बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "आणि उंची?"

उंचीचं आजोबांकडे काही गणित नव्हतं. त्यांना लागायचंच नाही. आमच्याकडे मोठ्या उधाणालाही पाणी दोन-अडीच मीटर चढतं, फार तर तीन. ब्रिस्टलच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. अटलांटिकचं पाणी रुंद तोंडातून शिरतं आणि पुढे जागा कमी होत जाते तसं वर चढत जातं. भरती-ओहोटीतला फरक जगात सगळ्यात जास्त असणाऱ्या जागांत याचा नंबर दुसरा धरतात. आम्ही जाणार त्या दिवशी स्वान्सीला हा फरक नऊ मीटरच्या वर होता. तीन मजली घर! बुवानं पाकिटाच्या मागे आकडे लिहिले. सहा तासांची भरती, तिचे बारा भाग. पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. नऊ मीटरचा बारावा भाग पाऊण मीटर. तिसऱ्या तासात सव्वादोन मीटर. म्हणजे आमच्या गावची अख्खी भरती इथे एका तासात उरकते. ते पाकीट त्यानं माझ्या हातात दिलं. मी ते खिशात ठेवलं आणि, खरं सांगायचं तर, वेळेचं गणित जुळल्याच्या आनंदात पुन्हा उघडलं नाही.

शुक्रवारी रात्री पोर्ट आयननच्या हॉस्टेलवर पोचलो. समुद्राला लागून असलेली ही इमारत पूर्वी जीवरक्षक बोटीचं ठाणं होती. १९१६ च्या पहिल्याच दिवशी इथली बोट वादळात मदतीला गेली ती उलटली आणि तिच्यावरचे तिघं बुडाले. तीन वर्षांनी ठाणं बंद झालं. झोपायच्या खोलीत ही माहिती वाचून नवऱ्यानं दिवा मालवला आणि काळोखात म्हणाला, "छान जागा निवडलीये."

शनिवारी सकाळी साउथगेटच्या कड्यावर गाडी लावली. वरून बघितलं तर नुसतं हिरवं गवत आणि चरणाऱ्या मेंढ्या. खाली काही असेल असं वाटतच नाही. मग बुवा गवताच्या कडेवरून एका पायवाटेला लागला. वाट म्हणजे बोकडांनी पाडलेली. एका हाताला चुनखडी, दुसऱ्या हाताला हवा. साताऱ्याचा माणूस अशा ठिकाणी खुलतो, अजिंक्यताऱ्यावर गेल्यासारखा पुढे निघाला. मी बसत बसत, हात टेकत उतरले.

मिंचिन होल या गुहेचं तोंड एवढं मोठं की आत एसटी उभी राहील. पण मी थबकले ती दारातच, एका बोटभर रुंद पट्ट्यापाशी. तिथे भिंतीत जुनी पुळण दगड होऊन चिकटलेली आहे. वाळू, गोटे आणि त्यात घट्ट रुतलेले शिंपले, उलट्या टोपीसारखे, खडकाला चिकटून राहतात ते. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, दोन हिमयुगांच्या मधल्या उबदार काळात, समुद्र आजच्यापेक्षा काही मीटर उंच होता आणि ही गुहा म्हणजे किनारा होता. त्या काळच्या थरांत इथे हत्ती आणि गेंड्यांची हाडं मिळाली. वेल्समध्ये हत्ती! मी हातमोजा काढून एका शिंपल्यावर अंगठा ठेवला. कडेच्या रेषा अजून बोटाला लागतात. तासाभरानं खाली लाटांजवळ उतरलो तेव्हा ओल्या खडकावर याच जातीचे जिवंत शिंपले होते, तेवढेच मोठे, त्याच रेषांचे. एकावर नखानं टकटक केलं तर तो आणखी घट्ट बसला.

शेजारचं बेकन होल आकारानं लहान, पण गोष्ट तिची जास्त मजेदार. १९१२ साली दोन मोठे अभ्यासक, इंग्लंडचा सोलस आणि फ्रान्सचा ब्रय, आत गेले आणि भिंतीवर त्यांना एकाखाली एक दहा तांबडे आडवे पट्टे दिसले. ब्रिटनमधली पहिली अश्मयुगीन चित्रं म्हणून गवगवा झाला आणि पट्ट्यांच्या रक्षणासाठी लोखंडी जाळी बसली. पुढे पट्टे फिकट होत गेले आणि लक्षात आलं की भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यातल्या लोहाची ती करामत होती. आम्ही आत गेलो तर अजूनही इथेतिथे तांबूस ओघळ आहेत. त्यावर डॉक्टरीणबाईंचं निदान तत्काळ: "सीताबर्डीतल्या प्रत्येक जिन्यात आहेत हे. पान खाऊन थुंकलेत." बुवाला हे समजावून सांगायला पाच मिनिटं गेली. तो इतका हसला की आवाज गुहेत घुमत राहिला.

आतापर्यंत सगळं चालण्याचं काम होतं. खरी परीक्षा पुढच्या फटीत झाली. तिला नाव आहे की नाही कोण जाणे. बुवा तिला नुसतं 'ती' म्हणतो. जमिनीलगत दीड फूट उंचीचं तोंड, आत अंधार. पुढे एक खोली आहे, उभं राहता येतं, म्हणाला. नवऱ्यानं फटीकडे बघितलं, स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि "बाहेर कुणीतरी हवंच" असं म्हणून दगडावर बसला. मला त्याचा राग आला, मग हेवा वाटला.

बुवा पुढे, मग डॉक्टरीण, शेवटी मी. सरपटायचं म्हणजे कोपरं पुढे टाकायची आणि पायाच्या बोटांनी ढकलायचं. मान वर करावी तर हेल्मेट छताला लागतं, खाली घालावी तर नाक चिखलात. पहिले दोन-तीन मीटर मी डॉक्टरणीच्या बुटांचे तळवे बघत गेले. मग ते बुटाचे तळवे डावीकडे वळून दिसेनासे झाले आणि नेमक्या त्या वळणावर मी अडकले. छाती खालच्या दगडाला, पाठ वरच्या. पुढे जाता येईना, मागे जायला बोटांना धार सापडेना. ऑनलाइन स्वस्तात घेतलेल्या माझ्या दिव्यानंही तेव्हाच मिचमिचायला सुरुवात केली. आणि त्या मिचमिचत्या उजेडात नाकापासून वीतभर अंतरावर एक कोळी. मोठा, तपकिरी, चकचकीत. त्याच्या शेजारी छतातून एका धाग्यावर लोंबणारी पांढरी पिशवी, फुलवातीसारखी, खाली गोल आणि वर निमुळती. आत त्याची अंडी. हा कोळी गुहांतच राहतो आणि माणसाला काही करत नाही हे बुवानं सकाळी सांगितलं होतं. सकाळी ते पटलंही होतं.

मी ओरडले की नाही आठवत नाही. पलीकडून बुवाचा आवाज आला, अगदी प्रयोगशाळेत अहवाल मागतो तसा: "श्वास घेऊ नकोस. सोड." मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. घाबरल्यावर आपण हवा भरून घेतो, छाती फुगते आणि दगड आणखी आवळतो. हे कळत होतं, पण फुप्फुसाला कोण सांगणार? तिसऱ्या प्रयत्नात पूर्ण श्वास सोडला. सगळा. छाती दोन बोटं खाली गेली, मी पायानं ढकललं आणि वळणाच्या पलीकडे निसटले. कोळी जागचा हलला नव्हता.

आतली खोली आमच्या न्हाणीघराएवढी. तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बुवानं दिवे मालवायला सांगितले. गावाकडे वीज गेल्यावरचा काळोख मला माहीत आहे, त्यात थोड्या वेळानं माडाची झावळी तरी दिसायला लागते. इथे डोळ्यासमोर हात हलवला तर काही नाही, डोळे मिटले काय, उघडे काय, सारखंच. ऐकू येत होतं फक्त पाणी, कुठेतरी मोजून मापून पडणारं. डॉक्टरणीनं काळोखातच खिशातून पोळीचा लाडू काढला. त्याचा तूपगुळाचा वास एवढ्याशा जागेत असा दाटला की बुवानं, ज्यानं आयुष्यात पोळी खाल्ली नव्हती, विचारलं, "हे काय आहे आणि मला का नाही?" बाहेर आल्यावर नवऱ्यानं घड्याळ दाखवलं. तीस मिनिटं. फटीची लांबी बुवाच्या मते आठ मीटर. मला विचाराल तर आठ मैल.

दुपारी ओहोटी साधून कल्व्हर होल. याची फार लांबण लावत नाही. बघावं ते बाहेरूनच. समुद्राकडे उघडणारी एक उंच चीर, आणि ती चीर खालपासून वरपर्यंत, जवळजवळ साठ फूट, दगडी भिंतीनं बुजवलेली, भिंतीला खिडक्या. लोक म्हणतात चोरटा माल ठेवायची जागा होती, इथून गावापर्यंत भुयार होतं वगैरे. आत बघितलं तर भिंतीत ओळीनं शेकडो कोनाडे. कबुतरांची ढाबळ! मांसाला आणि अंड्यांना कबुतरं पाळायची, तीही समुद्राच्या कड्यात. 'कल्व्हर' हा कबुतराचाच जुना इंग्रजी शब्द, पण त्या नावापेक्षा लोकांना चोरांची गोष्ट आवडते.

रविवार राखून ठेवला होता तो पॅव्हिलँडच्या गुहेसाठी. सकाळी हॉस्टेलवर बुवानं आम्हाला समुद्री शेवाळाचं काळपट हिरवं लगद्यासारखं काहीतरी आणि आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीचे शिंपले तव्यावर परतून खायला घातले. गॉवरच्या उत्तर किनाऱ्यावर बायका पिढ्यान् पिढ्या हे शिंपले वेचायच्या. मी दोनदा घेतले. थोडं ओलं खोबरं हवं होतं एवढंच.

पिल्टन ग्रीनला रस्त्याकडेला गाडी सोडून शेतांतून चालत निघालो. एक कोरडी घळ समुद्राकडे उतरते, तिच्या तळाशी पोचलो तेव्हा अडीच वाजायला आले होते आणि समुद्र लांब गेला होता. इथून कड्याला वळसा घालून खडकांवरून जायचं. हा वळसा फक्त ओहोटीच्या आगेमागे थोडा वेळ उघडा असतो. बुवा थांबला आणि म्हणाला, "तीन वाजता गुहेतून निघायचं. दोन पन्नासला ओहोटी आहे म्हणजे पाचपर्यंत वेळ आहे असं कुणी मनात धरू नका." हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता.

वाटेत खडकांत एक चर लागली, दोन पावलं रुंद, तळाशी ओली वाळू. आम्ही सुक्या बुटांनी ओलांडली. ही चर लक्षात ठेवा.

गुहेचं तोंड पाण्याच्या थेंबासारखं आहे, वर निमुळतं. पाण्यापासून बरंच उंच, त्यामुळे चढून जावं लागतं. आत वीसेक मीटर खोल, छत उंच, जमीन कोरडी. काहीही नाही आत. सगळं केव्हाच नेलेलं. पण जानेवारी १८२३ मध्ये ऑक्सफर्डला भूशास्त्र शिकवणारा विल्यम बकलंड इथे आला आणि त्यानं या जमिनीतून माणसाचा अर्धा सांगाडा काढला. कवटी नव्हती. हाडं गेरूनं तांबडीलाल झालेली, सोबत मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, दातांच्या कांड्या आणि भोकं पाडलेले शिंपले. दागिने आहेत म्हणजे बाई असणार, असं त्याला वाटलं. बकलंड पाद्रीही होता. मॅमथ आणि माणूस एकाच काळात असतील हे त्याच्या हिशेबात बसणारं नव्हतं. मग त्यानं ठरवलं, वरच्या टेकडीवर जुनी तटबंदी आहे, तेव्हा ही रोमन काळातली कुणीतरी. नाव पडलं ते पडलंच, पॅव्हिलँडची तांबडी बाई. पुढच्या तपासण्यांत निघाला तो विशीतला तरुण, आणि काळ सुमारे ३३ ते ३४ हजार वर्षांपूर्वीचा. पश्चिम युरोपातल्या सगळ्यात जुन्या विधिपूर्वक दफनांपैकी एक. "बाई म्हणून गाजली आणि बुवा निघाला," मी म्हटलं. आमच्या बुवाला हा विनोद भाषांतर करून सांगितला. तो गंभीरपणे म्हणाला, "आणि आमच्या बुवाला ऑक्सफर्डवाले परत देत नाहीत." हाडं अजून तिकडच्या संग्रहालयात आहेत आणि वेल्श माणसाच्या मनात ते खुपतं.

मी आत एका कपारीशी बसले. त्या मुलाला इथे आणून ठेवलं तेव्हा समोर समुद्र नव्हता. बर्फाच्या काळात इतकं पाणी गोठलेलं होतं की किनारा शंभरेक किलोमीटर लांब होता. गुहेच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला गवताळ मैदान आणि जनावरांचे कळप दिसत असणार. शिंपले मग कुणीतरी तेवढ्या लांबून आणलेले. आणि गेरू. आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाला आई दर दिवाळीला गेरू लावते, तिच्या नखांत तो चार दिवस राहतो. या मुलाला गेरू फासणाऱ्या माणसांच्या नखांतही राहिला असेल. त्या दिवशी पितृपक्षातली द्वितीया होती, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

"चला," बुवा मराठीत म्हणाला. तीन वाजले होते. मी म्हटलं, पाच मिनिटं. ओहोटी होऊन दहाच मिनिटं झालीत, पाणी कुठे पळून येतंय. आजोबांच्या गणितानं दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. बुवा वाद घालत नाही, तो फक्त तोंडाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. पाच मिनिटांची पंधरा झाली. मग उतरताना नवऱ्याचा पाय सरकला, गुडघ्याला खरचटलं, डॉक्टरीणबाईंनी तिथेच पट्टी बांधायचा हट्ट धरला. त्यात आणखी.

चरीपाशी आलो तेव्हा पावणेचार होत होते. तळाची ओली वाळू नव्हती. पाणी होतं, गढूळ, आणि दर लाटेला एक हिसका देऊन आत येत होतं. बुवा न बोलता उतरला. त्याच्या मांडीपर्यंत आलं. तो उंच आहे. माझ्या कमरेला लागलं. बूट भरले, थंडीनं श्वास तुटला आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेत होती. त्यानं माझा हात धरला नव्हता, मनगट धरलं होतं. पहिला तास, पहिला भाग, सगळ्यात हळू चढणारं पाणी. पाऊण मीटर. खिशातलं पाकीट आता भिजून लगदा झालं होतं, पण त्यावरचा आकडा मला नीट आठवला.

पलीकडे गेल्यावर कुणी कुणाला काही बोललं नाही. घळीतून वर चढलो, गवतात बसून बूट उलटे केले. साडेचारला मी उठून कड्याच्या कडेला गेले. खाली चर शोधत होते. चर नव्हती. चरीच्या दोन्ही बाजूंचे खडकही नव्हते. गुहेकडे जाणारा सगळा वळसा पांढऱ्या फेसाखाली गेला होता.

बुवा शेजारी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "चूक माझी." तो म्हणाला, "तुझ्या आजोबांची वेळ बरोबर होती." थोड्या वेळानं पुन्हा, "वीस मिनिटांनी चुकली, पण बरोबर होती." पाच वाजता त्यानं बायकोला फोन करून सगळे वर असल्याचं कळवलं.

आईला फोन केला तो घरी पोचल्यावर, तिकडे उत्तररात्र झाली होती तरी. चरीचं सांगितलं नाही. गेरूचं सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या जुन्या माणसाला पाणी तरी दिलंत का कुणी?"

सूट, बूट, दोर सगळं आम्ही बाथटबमध्ये धुतलं. ती माझी कल्पना नव्हती, एवढं नमूद करून ठेवते. गॉवरची माती तांबडी आहे आणि चिकट. मोरी तुंबली, प्लंबर आला, नवरा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होता. सगळं घासून झालं, पण टबाच्या कडेला पाण्याच्या पातळीशी एक तांबूस आडवा पट्टा राहिला आहे, तो काही केल्या जात नाही. डॉक्टरीण परवा जेवायला आली होती, हात धुताना तिला तो दिसला. म्हणाली, "बुवाला दाखवू नकोस. जाळी बसवेल."